शरीरातलीच काही प्रथिनं कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा रोखतात, हे खरं का? त्यांच्या कॅप्सूल मामांना द्याव्यात का?

मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, नागपूरला केमो चालू, आणि त्यात अशी प्रथिनं असतात म्हणून कोणी शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल सुचवल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी आर्वीकडे बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. कॅप्सूल देऊ नका. मात्र त्यामागचं विज्ञान खोटं नाही, म्हणूनच तर त्या खपतात.

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला रक्त लागतं. शेजाऱ्याच्या ठिबकला रात्रीतून नळी जोडून आपलं वावर भिजवावं, तशी ती जवळच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फोडायला लावते. बोस्टनचे सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत वाहिन्यांची ही वाढ रोखणारी दोन प्रथिनं सापडली: १९९४ ला अँजिओस्टॅटिन, १९९७ ला एंडोस्टॅटिन. दोन्ही शरीरातल्याच मोठ्या प्रथिनांचे तुकडे. अँजिओस्टॅटिन तर गाठ असलेल्या उंदरांच्या लघवीतून वेगळं केलं होतं. (आता हे वाचून कोणी गोमूत्र विकायला येऊ नये!)

उंदरांच्या गाठी आटल्या आणि १९९८ मध्ये अमेरिकेत पेपरांनी कॅन्सर हरल्यासारखा गाजावाजा केला. माणसांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. एंडोस्टॅटिनचं सुधारित रूप चीनमध्ये २००५ पासून फुफ्फुसाच्या कॅन्सरला वापरतात, पण तेही शिरेतून. प्रथिन गिळलं की पोटात डाळीसारखं पचून जातं. शार्कच्या कूर्चेची आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर रीतसर चाचणीही झाली. फायदा दिसला नाही.

याच विचारातून आलेलं, खरोखर कामाचं औषध म्हणजे बेव्हासिझुमॅब. गाठ वाहिन्यांना बोलावण्यासाठी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते, त्यालाच ते धरून ठेवतं. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००४ ला मान्यता मिळाली. केमोसोबत सलाईनमधून देतात. आपल्याकडेही मिळतं, भारतीय कंपन्याही बनवतात. त्यानं आजार मुळापासून जात नाही, काही काळ आवरला जातो. बीपी वाढतं, रक्तस्राव होऊ शकतो, जखम लवकर भरत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आसपास देत नाहीत. मामांना ते लागू आहे का, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच विचारा.

आणि कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील, तर रागावतील म्हणून लपवू नका. डबीच सोबत न्या.