घरच्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरचे दोन्ही चॅनल ब्रिज करून एकच मोठा वूफर लावला तर ॲम्प उडेल का?

हो, उडू शकतो, आणि तुम्ही जी जोडी सांगितलीय त्यात तर उडण्याचीच शक्यता जास्त. ५० + ५० वॅटचा जुना ॲम्प, मागे स्पीकरच्या पट्टीवर ८ ओम छापलेलं, आणि सोसायटीच्या गणपतीसाठी आणलेला १२ इंची ४ ओमचा बॉक्स, तो दोन लाल टर्मिनलच्या मध्ये लावायचा म्हणजे २०० वॅट मिळतील असा तुमचा हिशोब आहे. प्लीज नका करू. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण मलाही एकाने नुसतं "नको" म्हणून सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं, आणि मी ऐकलं नाही.

आपल्याकडे ब्रिज हा शब्द, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवणं, बहुतेकांना ४४४० या ॲम्प्लिफायरच्या आयसीमुळे माहीत झालाय. त्या आयसीत स्टीरिओ लावलं की ६ + ६ वॅट, आणि ब्रिज केलं की एकाच स्पीकरवर १९ वॅट. शाळा-कॉलेजात असताना तो बोर्ड जोडला नाही असा इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेला माणूस विरळाच. तिथूनच डोक्यात बसतं की ब्रिज म्हणजे फुकटात तिप्पट पॉवर. पण त्या आयसीत ब्रिजची सोय बनवणाऱ्यानेच ठेवलेली आहे, बाहेरून कुठला पार्ट कुठे लावायचा ते डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, काढून दिलंय. तुमच्या ॲम्पमध्ये तशी सोय नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे.

नेहमीच्या जोडणीत काळी वायर ग्राउंडला असते, ती जागची हलत नाही, आणि लाल वायर व्होल्टेज वरखाली करते. ब्रिजमध्ये काळ्या दोन्ही सोडून द्यायच्या, स्पीकर लाल ते लाल, आणि एका चॅनलला सिग्नल सरळ तर दुसऱ्याला उलटा द्यायचा. दोघांनी मिळून ओंडका कापायची मोठी करवत ओढावी तसं, एक ढकलतो तेव्हाच दुसरा खेचतो. त्यामुळे स्पीकरला व्होल्टेज दुप्पट मिळतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गात वाढते म्हणून कागदावर ती चौपट. इथपर्यंत तुमचं वाचलेलं बरोबर आहे.

आता करंट बघा. ५० वॅट ८ ओमवर म्हणजे २० व्होल्ट आणि अडीच ॲम्पिअर. त्याच ८ ओमवर ब्रिज केलं तर स्पीकरला ४० व्होल्ट मिळाले, करंट झाला ५ ॲम्पिअर, आणि हे ५ ॲम्पिअर दोन्ही चॅनलमधून जातात, पण प्रत्येक चॅनल आपल्या टोकाला अजून २० व्होल्टच देतोय. २० ला ५ ने भागा, ४ आले. म्हणजे स्पीकर ८ ओमचा असला तरी चॅनलला तो ४ ओमचा वाटतो. तुमचा बॉक्स ४ ओमचा, तर प्रत्येक चॅनलला २ ओमचा वाटणार आणि १० ॲम्पिअर मागणार. अडीचच्या जागी १०! आतले पॉवर ट्रान्झिस्टर, हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर, फिल्टरचे कॅपेसिटर हे सगळं अडीचच्या हिशोबाने बसवलेलं असतं, थोडीफार ढील धरून.

त्यात स्पीकरवर छापलेले ओम ही एक ठरलेली किंमत नसते हे लक्षात घ्या. गाण्यातल्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे ती वरखाली होते, आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे छापलेल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली गेली तरी ते चालतं. म्हणजे ४ ओमचा बॉक्स कुठेतरी ३.२ ओम असू शकतो आणि ब्रिजमध्ये तो १.६. डेटाशीटवाले हे उगाच लिहीत नाहीत. टीडीए ७२९४ ही आयसी मिळते ना, एका चिपवर १०० वॅट म्हणून विकतात, तिच्या डेटाशीटमध्येसुद्धा ब्रिज केल्यावर लोड ८ ओमच्या खाली नको असं स्पष्ट दिलंय, कारण काय तर उष्णता आणि करंटची कुवत.

माझ्यासोबत झालं ते सांगतो. बरीच वर्षं झाली, आमच्या चुलत्यांच्या घरचा गणपती, ॲम्प माझाच होता, तुमच्यासारखाच साधा स्टीरिओ, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक कंपनीची नव्हतीच. एका चॅनलच्या आधी छोटा ऑपॲम्प (सिग्नल उलटा करू शकणारी छोटी आयसी) लावून सिग्नल उलटा केला, ४ ओमचा बॉक्स ब्रिजमध्ये जोडला, आणि पहिल्या संध्याकाळी इतका भारी वाजला की सगळे खूश. ॲम्प ठेवला होता मखराच्या टेबलाखाली आणि टेबलाला पुढून सॅटिनचा पडदा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भजनं सुरू होती, तीनेक तास सलग. आणि अचानक गाणं थांबलं, बॉक्समधून नुसता हुंऽऽ असा आवाज, मी पडदा सारून बघतोय तर वूफरचा कोन पुढे येऊन तसाच ताठ उभा, हलत नाहीये. दोन-तीन सेकंद काही कळेना, मग जळक्या वार्निशचा वास, आणि मग डस्ट कॅपच्या, म्हणजे कोनच्या मधल्या गोल टोपीच्या, कडेने धूर. प्लग ओढला तोवर वूफरच्या आतली तारेची कॉइल गेली होती.

झालं असं की एका चॅनलचा आउटपुट ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला आणि सप्लायचं सगळं डीसी थेट स्पीकरवर आलं. कोन पुढे ताठ उभा राहतो तो त्यामुळेच. उघडल्यावर दिसलं की दोन्ही बाजूंचे आउटपुट गेलेत, ०.२२ ओमचे सिमेंटचे रेझिस्टर तडकलेत, आणि फ्यूज? फ्यूज शाबूत होता. म्हणून जे म्हणतात की फ्यूज आहे ना, मग कशाला घाबरायचं, त्यांनी हे वाचावं. फ्यूज ट्रान्सफॉर्मर आणि घर वाचवतो, ट्रान्झिस्टर आणि कॉइल त्याच्या आधी जातात. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की समोर मखर होतं, थर्मोकोल, कागदी फुलं, पडदा, आणि लहान मुलं तिथेच बसलेली. पैशाचं नुकसान भरून निघतं हो, पण तो पडदा पेटला असता तर?

तुम्ही लिहिलंय की एकदा नुसतं लाल ते लाल लावून बघितलं तर म्युझिक बारीक आलं आणि गायकाचा आवाजच गायब झाला, म्हणजे ॲम्प खराब आहे का. खराब नाहीये. सिग्नल उलटा न करता लावलं की दोन्ही टोकं एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, स्पीकरला फक्त डाव्या-उजव्यातला फरक मिळतो. गायक रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवलेला असतो, दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो कटतो. जुनी मोनो आरती लावली असती तर जवळजवळ काहीच ऐकू आलं नसतं. धोका असा की माणसाला वाटतं आवाज कमी येतोय आणि तो व्हॉल्यूम वाढवत जातो.

काही जण आरसीए पिनच्या (ॲम्पच्या इनपुटला लावायच्या पिनच्या) वायरी अदलाबदल करून सिग्नल उलटा करायला सांगतात. तेही नको. दोन्ही चॅनलचं ग्राउंड आत एकच असतं, त्यामुळे एका बाजूला गरम वायर ग्राउंडला लावली की मोबाईल किंवा मिक्सरचं आउटपुटच शॉर्ट होतं. आणि आउटपुटच्या दोन लाल वायरी एकत्र पिळून एका स्पीकरला देणं हे तर ब्रिज नव्हेच, ते दोन चॅनल एकमेकांशी झुंजवणं आहे, त्यात काही सेकंदात खेळ खलास.

क्लास डीचे छोटे बोर्ड मिळतात, टीपीए ३११६ वगैरे, ते आधीच आतून ब्रिज असतात. त्यांची काळी वायर पण ग्राउंड नसते, तिच्यावर पण सिग्नल असतो. ते पुन्हा ब्रिज करायला जाऊ नका आणि त्यांच्या दोन काळ्या वायरी एकत्र करू नका. तसंच, कुठलाही ॲम्प ब्रिज केल्यावर दोन्ही वायरी गरम, मग स्पीकर सिलेक्टर किंवा सबवूफरचं हाय लेव्हल इनपुट, ज्यात काळी ग्राउंडला बांधलेली असू शकते, ते त्यावर लावलं की शॉर्ट.

मग कोणता ॲम्प ब्रिज होतो? ज्याच्या मागे ब्रिज किंवा मोनो असा स्विच आहे आणि मॅन्युअलमध्ये ब्रिजला किमान किती ओम हे छापलंय, तोच. तिथेही चौपट सहसा कोणी देत नाही. नॅड कंपनीचा सी २७५ बीईई ॲम्प बघा, स्टीरिओत चॅनलला १५० वॅट, ब्रिजमध्ये ३००. चांगल्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पची ही गत, तर आपल्या साध्या ॲम्पकडून काय अपेक्षा करायची.

आणि इतकं करून मिळतं काय? पॉवर दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे "थोडा वाढला वाटतं" इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यापेक्षा ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचं माप) जागी ९० चा स्पीकर घेतला तर ते ३ डेसिबल तसेच मिळतात, ॲम्पला हात न लावता.

मला विचाराल तर आरतीला वूफर मुळात लागतच नाही. तिथे गळा आणि टाळ ऐकू यायला हवेत, १२ इंची नुसता वूफर त्यात काही भर घालणार नाही, खालच्या मजल्यावर घुमेल फक्त. दोन साधे ८ ओमचे स्पीकर घ्या, एकेक चॅनलला एकेक, उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा, मंडपाच्या दोन टोकांना. मोबाईलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा म्हणजे दोन्हीकडे पूर्ण आरती येईल. ॲम्प टेबलावर उघडा ठेवा, पडद्याआड नको, वर हाराची परडी पण नको. वूफर वाजवायचाच असेल तर त्याच्यासाठी वेगळा मोनो ॲम्प किंवा ॲक्टिव्ह सब (आतच ॲम्प असलेला वूफर) भाड्याने आणा, दहा दिवसांचा प्रश्न आहे.

लाल ते लाल करून झालंय म्हणून आता एक करा. ॲम्पला स्पीकर न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा आणि मीटर डीसी व्होल्टवर लावून एकेका चॅनलच्या लाल-काळ्यात मोजा. काही मिलिव्होल्ट आले, ५०-६० च्या आत, तर ठीक. एखाद-दुसरा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या चॅनलला स्पीकर लावूच नका, मेकॅनिककडे न्या आणि त्याला सिरीज बल्बवर (मेन्सच्या वायरीत मध्ये बल्ब जोडून, म्हणजे करंट मर्यादित राहतो) चालू करून बघायला सांगा. बॉक्सही ॲम्पपासून सोडवून ओमवर मोजा, ४ ओमचा असेल तर ३.२ ते ३.६ च्या आसपास दाखवेल, कारण मीटर फक्त तारेचा रेझिस्टन्स मोजतो. दोन्ही रीडिंग आणि मागच्या पट्टीवर जे काय छापलंय ते इथे खाली लिहा, मग एका चॅनलवर तो बॉक्स हळू आवाजात तरी चालवता येईल का ते बघून सांगतो.