एनओसी मिळाली की शिक्का नाही, मजकूर बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. परिषद व्हिएन्नाला, हातात साडेपाच आठवडे, व्हिसासाठीचं बाकी सगळं तयार आणि कॉलेजची एनओसी (ना हरकत पत्र) 'उद्या या'वर अडकलेली. २०१९ मध्ये लिस्बनच्या परिषदेआधी मीही अशीच ऑफिसात खेटे घालत होते.

विमा, फोटो, अपॉइंटमेंट यांत शिरत नाही, ते तुम्ही केलंच असणार.

माझी एनओसी मिळाली अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला, साहेब दौऱ्यावरून परतल्यावर. जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, सही आहे. एवढं बघितलं, फाइलमध्ये टाकली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. वाचली नाही! क्लार्कने कुणाच्या तरी जुन्या पत्रावरून मजकूर उचलला होता आणि त्यात 'प्रवास व निवासाचा सर्व खर्च संस्था करेल' ही ओळ तशीच राहिली होती. माझ्या कव्हरिंग लेटरमध्ये खर्च माझा, बँक स्टेटमेंटही माझंच. व्हिसा नाकारला. छापील कागदावर एका चौकटीत खूण होती: प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. फी गेली (तेव्हा ६० युरो होती, आता ९०), परिषदेची नोंदणी गेली, पोस्टरची गुंडाळी अजून कपाटावर आहे. ऑफिसात जाऊन सांगितलं तर उत्तर काय, "मॅडम, फॉरमॅट तसाच असतो." सहा वेळा चकरा मारायला लावून वर हे.

म्हणून म्हणते, त्यांच्या भरवशावर राहूच नका. मसुदा स्वतः इंग्रजीत टाइप करून द्या. पद, नोकरी कधीपासून, रजा कुठून कुठवर मंजूर (येण्या-जाण्याचे दिवस धरून), परत रुजू होण्याची तारीख आणि खर्च कुणाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच. सर्व्हिस बुकात आपलं आडनाव आधी असतं, तिथेही घोळ होतो. मग निमंत्रणपत्र, एनओसी, कव्हरिंग लेटर आणि अर्ज शेजारी शेजारी मांडून तारखा आणि खर्च पेन्सिलने ताडून बघा.

अपॉइंटमेंट मात्र पुढे ढकलू नका. निर्णय एरवी १५ दिवसांत होतो, पण ४५ पर्यंत लांबू शकतो आणि तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. एनओसी नाहीच आली तर रजामंजुरीचा आदेश आणि पगारपत्रकं जोडून जावं, असं माझं मत. मी काही एजंट नाही, व्हिसा केंद्रावर एकदा विचारून घ्या.

आणि परिषदेनंतर प्रागला फिरून यायचा तो तुमचा बेत! तीन दिवस परिषद आणि पाच दिवस प्राग असेल तर मुख्य मुक्काम कुठला, हा प्रश्न ऑस्ट्रियावाले विचारणारच. प्राग दोन दिवसांवर आणा.

जाता जाता, शास्त्रीय परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना शेंगेन व्हिसाची (ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा हाच तो व्हिसा) फी माफ असते. तुम्ही त्यात बसता का ते विचारा, आपणहून कुणी सांगत नाही. केंद्राचे सेवाशुल्क तरीही पडतंच.

मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, माझा पाठवते. क्लार्कला फक्त जावक क्रमांक घालू द्या.