संत्र्याच्या बीत भ्रूण कसा? 'भ्रूण', 'गर्भ' आणि 'अर्भक'

प्रश्न असा आहे: नागपूरकडच्या एका पन्हेरीच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, पत्रकात 'जंबेरीची बी बहुभ्रुणी असते' असं वाक्य आहे (जंबेरी हे लिंबाच्या जातीचं झाड, त्याच्या रोपावर संत्र्याचं कलम करतात). भ्रूण तर आईच्या पोटात असतो, मग झाडाच्या बीत कुठून आला? आणि भ्रूण नि गर्भ यांत फरक काय?

वाक्य बरोबर आहे. 'भ्रूण' हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा वाचला तो स्त्रीभ्रूणहत्येच्या फलकांवर, म्हणून तो माणसालाच चिकटला. जीवशास्त्रात मात्र नवा जीव घडण्याची सुरुवातीची अवस्था म्हणजे भ्रूण. तो गर्भाशयात असेल, कोंबडीच्या अंड्यात बलकावरच्या तीन-चार मिलिमीटरच्या पांढुरक्या ठिपक्यात असेल, नाहीतर बीच्या टरफलात.

बीतला भ्रूण बघायला नागपूरसारखी जागा नाही. संत्र्याची टपोरी बी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी वरचं फिकट टरफल नखाने काढा, मग आतली पातळ तपकिरी साल. आत हिरवट गर लागेल. हरभऱ्याची डाळ होते तशा नेमक्या दोन फाका न होता तो बऱ्याचदा लहानमोठ्या तीन-चार तुकड्यांत सुटतो. इथे एक चूक हमखास होते: दोन फाका दिसल्या की दोन भ्रूण मोजले जातात. फाका म्हणजे बीजपत्रं, आणि ती एकाच भ्रूणाची दोन असतात. ज्या तुकड्याला स्वतःची बीजपत्रं आणि बीच्या टोकाकडे वळलेलं स्वतःचं मूळटोक आहे, तो एक भ्रूण.

या भ्रूणांपैकी साधारणपणे एकच परागातून, म्हणजे फलनातून आलेला असतो. बाकीचे बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून फुटतात, म्हणून त्यांची रोपं आईची हुबेहूब नक्कल निघतात. पन्हेरीवाल्यांना याचंच मोल आहे. संत्र्याचा डोळा बांधायला, म्हणजे कलम करायला, जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबाच्या जातींची खुंटं (खालची मुळाकडची रोपं) एकसारखी हवीत, आणि ही बी ती आपसूक देते. फलनातलं रोप बहुधा मागे पडतं, वेडंवाकडं किंवा वेगळ्याच पानांचं दिसतं. ते वेळीच उपटलं नाही तर त्याच्यावरही डोळा बांधला जातो आणि बागेत एखादं झाड कायमचं बेताल राहतं. बी फार वाळवली तर मात्र सगळंच मुसळ केरात, कारण लिंबूवर्गीय बी सुकली की उगवणशक्ती झपाट्याने जाते. ताजीच पेरावी.

या गुणाला 'बहुभ्रूणता' हाच शब्द योग्य. 'बहुगर्भी' म्हटलं तर अर्थ भलतीकडे जातो.

कारण मराठीत गर्भाचा पसारा फार मोठा आहे. गाभण, गाभा, गाभारा, माशाची गाभोळी ही सगळी त्याच घरची. भंडारा-गोंदियाकडे धानाची लोंबी पानाच्या पोटरीत असते तेव्हा धान गर्भावस्थेत आहे म्हणतात. तिथे भ्रूणाचा संबंधच नाही, कारण अजून फूलही उमललेलं नसतं. गर्भ म्हणजे आत असलेलं, अजून बाहेर न आलेलं.

माणसाच्या बाबतीत जुनी भाषा हा भेद करत नव्हती. अमरकोशात सरळ 'गर्भो भ्रूण इमौ समौ' असं आहे. सुश्रुतसंहिता पहिल्या महिन्यातल्या अवस्थेला 'कलल' म्हणते. हा नेमका शब्द आपण वापरातून घालवला, याचं मला वाईट वाटतं. आजची वैद्यकीय रेघ आठ आठवड्यांची: फलनापासून आठव्या आठवड्याअखेरपर्यंत भ्रूण, पुढे जन्मापर्यंत गर्भ. घोळ मोजणीत होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे सोनोग्राफीच्या कागदावरचे 10 आठवडे म्हणजे फलनापासूनचे साधारण 8.

या हिशेबाने 'स्त्रीभ्रूणहत्या' शास्त्राला धरून नाही. सोनोग्राफीत लिंग ओळखू येऊ लागतं तेच साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे तेव्हा तो गर्भ झालेला असतो. तरी तो शब्द बदलू नये. जुन्या अर्थाने तो बरोबर आहे आणि लोकांच्या तोंडी बसला आहे. 'पोटातलं अर्भक' मात्र टाळावं. अर्भक म्हणजे जन्मलेलं तान्हं मूल, 'अर्भक मृत्युदर' मधलं.

टेस्टट्यूब केंद्रांच्या जाहिरातींतलं 'भ्रूण प्रत्यारोपण'ही खटकतं. प्रत्यारोपण मूत्रपिंडाचं होतं. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवसाचा भ्रूण नळीने गर्भाशयात सोडतात, ते स्थानांतरण. रोपण म्हणजे त्याने अस्तरात रुजणं, आणि ते डॉक्टरच्या हातात नसतं. म्हणून तर स्थानांतरणानंतर दोनेक आठवड्यांनी रक्ततपासणी करावी लागते. दोन्हींना एकच शब्द वापरला की नळीने सोडला तेव्हाच गर्भ राहिला, अशी जोडप्याची समजूत होते.

पत्रकात दुरुस्ती करायची तर एवढीच: 'बहुभ्रुणी' नव्हे, 'बहुभ्रूणी'. भ्रू दीर्घ.