नवा सेल घालूनही गाडीची रिमोट चावी का चालत नाही?
बहुधा सेल उलटा बसलाय किंवा चुकीच्या जाडीचा आणलाय. जुन्या सेलवरचा नंबर वाचा. सीआर२०३२ हा ३.२ मिमी जाड, सीआर२०२५ हा २.५. दोन्ही ३ व्होल्टचे, २० मिमी व्यासाचे. त्यामुळे पातळ सेल जाड्याच्या जागी बिनबोभाट बसतो, पण सेलमधली वीज घेणाऱ्या धातूच्या पत्तीला धड टेकत नाही. मग बटण कधी लागतं, कधी नाही.

चावी पुन्हा उघडताना आधी आतली धातूची चावी काढा, खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळा (टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर कडा कुरतडतात). ‘+’ खूण पाहून सेल बसवा. पत्ती दबली असेल तर केसभर वर उचला, जास्त नाही, तुटते. जुना सेल मुलांपासून लांब. गिळला तर अन्ननलिका भाजते.