फियाट आणण्याआधी

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

जुनी पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, घेऊन सगळी सुटी करून दुरुस्त करायचं ठरलं, हे ताईकडून कळलं. गाडी उचलून आणण्याची घाई करू नकोस. आधी शेड तयार कर, अवजारंही नंतर घेऊ.

उभ्या गाडीपेक्षा सुट्या केलेल्या गाडीला जागा जास्त लागते. पद्मिनी चार मीटरच्या आत मावते, पण चार दारं, बॉनेट, सीटा, काचा, इंजिन, गिअरबॉक्स कुठे ठेवशील? म्हणून पहिला खर्च लोखंडी अँगलच्या रॅकचा. काचा उभ्या ठेवायच्या, गोणपाट घालून. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. पुढच्या वर्षी काही आठवणार नाही.

आता जमीन. तुमच्या शेडमध्ये शहाबादी फरशी आहे. खाली पोकळ असेल तिथे ती जॅकच्या भाराने तडकते. हातोडीने ठोकत जा. डबडब वाजेल तेवढी उखडून कोबा करून घे. पाणी जावं म्हणून दाराकडे उतार दिलाय तोही काढ, घोड्या, म्हणजे उचललेली गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, सपाट जमिनीवरच लावायच्या. घोडी न लावता गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटा नकोत, सिमेंटचे ब्लॉक तर नकोतच. ते फुटण्याआधी इशारा देत नाहीत.

तुला खाली खड्डा हवाय, मला माहीत आहे. नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. शिवाय रत्नागिरीच्या पावसात त्या खड्ड्याची विहीर होईल. पेट्रोलची टाकी पहिल्याच दिवशी उतरवून शेडबाहेर ठेव. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ टांग. वेल्डिंगच्या जागेशेजारी टांगलेला ऐनवेळी हाती लागत नाही.

वेल्डिंग मशीनला घरातला प्लग चालणार नाही. मीटरपासून वेगळी लाइन, नीट अर्थिंग. वायरमनला मशीनचा अँपिअर दाखव, वायर तो ठरवेल. ट्यूब मधोमध नको, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाव, नाहीतर आपलीच सावली कामावर पडते.

पत्रा घासला की त्याच दिवशी प्रायमर. खाऱ्या हवेत उघडा पत्रा रात्रभरात तांबूस होतो. जून ते सप्टेंबर मोठं घासकाम काढूच नकोस. आणि ग्राइंडर दुपारी एक ते चार बंद. शेजारच्या काकूंशी वैर परवडणारं नाही.

चेसिस नंबरवर मात्र ग्राइंडर फिरवायचा नाही. आधी त्याचा फोटो काढ, आरसीशी ताडून बघ. जुळत नसेल तर सौदाच मोड.

तुझा,
मामा