पुरात भिजलेला जुना मेटल डिटेक्टर

प्रश्न : 2019 च्या महापुरात आमचा जुना बीएफओ पद्धतीचा (दोन कंपनांमधल्या फरकाचा सूर ऐकवणारा), ट्रान्झिस्टरवर चालणारा डिटेक्टर भिजला. नवी 9 व्होल्टची बॅटरी घातली, पण नुसती खरखर येते. धातू जवळ नेला तरी सूर बदलत नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : बॅटरी काढा. वाळलेला गाळ हवेतला ओलावा धरतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधून करंट गळतो. म्हणून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी धुऊन पूर्ण वाळवा. मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. काही ओहम आला तर ठीक. अनंत आला तर तार तुटली, बहुधा प्लगपाशीच.

आता बॅटरी लावून एएम रेडिओ कॉइलजवळ धरा. कॉइलचा ऑसिलेटर (कंपने निर्माण करणारे सर्किट) 100 किलोहर्ट्झचा असेल तर त्याच्या पटीत, म्हणजे 600, 700, 800 किलोहर्ट्झवर शिट्टी येईल, किंवा खरखर एकदम दबेल. तसे झाले नाही, तर ऑसिलेटरच बंद आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरळ बदला, पण आधी ध्रुव (+ आणि − टोके) तपासा: जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये बहुधा बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थिंगला (सर्किटच्या सामाईक तारेला) जोडलेले असते आणि इथेच हमखास चूक होते.

ऑसिलेटरमधल्या पॉलिस्टायरीन कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक मात्र कृपया लावू नका. उन्हात तापून त्याचे मूल्य बदलते आणि सूर सरकत राहील.