रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी पगारवाढीसाठी संप कसा करावा, आणि पगार वाढले की रुग्णांची बिलं खरंच वाढतात का?

तुमचा प्रश्न असा: १०० खाटांचं खासगी रुग्णालय, तिथले नर्सेस, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार पगारवाढीसाठी संपाच्या विचारात आहेत, बरेचसे ठेकेदाराकडून आलेले आहेत, आणि व्यवस्थापन म्हणतंय की पगार वाढवले तर भार रुग्णांवर पडेल. संप कायदेशीर कसा होतो आणि व्यवस्थापनाच्या म्हणण्यात तथ्य किती?

मी आधी हिशोबाकडे वळतो, कारण मागणीपत्रात आकडा नसेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

मूळ पगारात एक रुपया वाढला की मालकाला तो रुपयापेक्षा जास्त पडतो. भविष्यनिर्वाह निधीचे मालकाचे १२ टक्के, त्यावर विमा आणि प्रशासकीय शुल्काचा मिळून १ टक्का, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगार आणि कुटुंबाच्या उपचारांची सरकारी योजना) ३.२५ टक्के आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ४.८१ टक्के. एकूण २१ टक्क्यांच्या आसपास. बोनस मी यात धरत नाही, कारण तो ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जे जास्त असेल त्यावर निघतो, पगारवाढीबरोबर आपोआप वाढत नाही. शिवाय नफ्यासाठी न चालणाऱ्या रुग्णालयांना बोनसच्या कायद्यातून सूट राहिलेली आहे.

आता समजा १२० जणांना प्रत्येकी ३,००० रुपये वाढ मागितली. वरचा बोजा धरून प्रत्येकी सुमारे ३,६३२, म्हणजे महिन्याला साधारण ४ लाख ३६ हजार. १०० पैकी सरासरी ७५ खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे २,२५० रुग्णदिवस होतात. भागाकार केला की एका रुग्णामागे दिवसाला १९४ रुपये येतात. चार दिवस दाखल असलेल्या रुग्णाच्या बिलात ७७५. ओपीडी, लॅब आणि औषध दुकानाचं उत्पन्न हिशोबात घेतलं तर त्याहून कमी. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. भरलेल्या खाटांचा आकडा व्यवस्थापन देत नसेल तर प्रत्येक वॉर्डच्या सेन्सस रजिस्टरमध्ये तो रोज लिहिलेला असतो.

व्यवस्थापनाची बाजूही पूर्ण खोटी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाचं पॅकेज ठरलेलं असतं, विमा कंपन्यांचे दर करारात बांधलेले असतात, आणि पैसे येतात ते उशिरा. निम्मे रुग्ण अशा ठरलेल्या दरांवर असतील तर सगळा भार उरलेल्या निम्म्यांवर येतो आणि १९४ चे जवळपास ३९० होतात. लहान रुग्णालयाला हे खरंच जड जातं. म्हणून मी एकरकमी वाढीपेक्षा टप्प्यांची मागणी ठेवायला सांगेन: आज इतके, सहा महिन्यांनी इतके, आणि महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, त्याच तारखा धरल्या तर वाद कमी होतात.

पण खरा पैसा कुठे गळतो ते ठेकेदाराच्या बिलात दिसतं, आणि यावर फारसं कोणी बोलत नाही. कामगाराचा पगार १५,००० धरा. पीएफचे १३ टक्के १,९५० आणि ईएसआयचे ४८८ मिळून १७,४३८. ठेकेदाराचं कमिशन ८ टक्के धरलं तर १,३९५. या सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३९०. रुग्णालय एका माणसामागे २२,२२३ रुपये मोजतं. आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे भरलेला हा कर रुग्णालयाला परत मिळत नाही. त्याच माणसाला थेट नोकरीवर घेतलं तर दरमहा ४,७८५ रुपये वाचतात. म्हणजे ३,००० ची वाढ बोजासकट देऊनही रुग्णालयाचा खर्च आजच्यापेक्षा कमी राहतो. पगारवाढीबरोबर थेट नेमणुकीची मागणी करा आणि हे कोष्टक मागणीपत्राला जोडा. रुग्णांवर भार पडेल या युक्तिवादाला याहून सरळ उत्तर नाही.

एक सापळा. ईएसआयची मर्यादा २१,००० रुपयांची आहे. २०,५०० वरून २१,५०० वर गेलेला माणूस चालू सहामाही संपली की वर्गणीतून बाहेर पडतो आणि पुढे कुटुंबाचे उपचारही जातात. हजार रुपयांसाठी ते गमावणं परवडणारं नाही. त्या टप्प्यावरच्या लोकांसाठी रुग्णालयाकडून मोफत उपचार किंवा आरोग्य विमा लेखी मागा.

नर्सेससाठी तुमच्या हातात एक तयार आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली: २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, १०० हून जास्त असतील तर त्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी नको, ५० ते १०० असतील तर २५ टक्क्यांहून कमी नको, आणि ५० च्या आत किमान २०,०००. ही शिफारस आहे, सक्ती नाही. केरळमध्ये नर्सेसच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८ मध्ये सरकारने किमान २०,००० ची अधिसूचना काढली. शिफारशीचा आकडा अधिसूचनेत उतरवता येतो, हे दाखवायला ते उदाहरण द्या.

आता कायदा. रुग्णालय हा उद्योग आहे का, हा वाद मुंबईतच सुरू झाला. जे. जे. रुग्णालयाच्या समूहातल्या वॉर्डमधल्या कामगारांना काढल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६० मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात तो फिरला आणि १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायाधीशांनी पुन्हा उद्योगाची व्याख्या रुंद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र पूर्णतः किंवा प्रामुख्याने धर्मादाय काम करणाऱ्या संघटनांच्या संस्था व्याख्येतून वगळल्या आहेत. तुमचं रुग्णालय ट्रस्टचं असेल तर हा मुद्दा पहिल्याच बैठकीत येणार. त्यामुळे ट्रस्टची घटना, हिशोब आणि बिलं घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण दाखवणारे कागद आधीच जमवा.

संहितेप्रमाणे नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही, आणि ६० दिवसांच्या आत केला नाही तर नोटीस शिळी होते. समेट अधिकाऱ्याने (वाद मिटवायला सरकारने नेमलेला अधिकारी) पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संपाला मनाई. समेट फिसकटला की कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो, आणि प्रकरण तिथे प्रलंबित असेपर्यंत व त्यानंतर ६० दिवस पुन्हा मनाई. मालकाने हा अर्ज लगेच टाकला तर संपाची वाटच बंद होते. ही तरतूद कामगारांवर अन्याय करणारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण ती आहे हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते. म्हणून समेटाच्या बैठकीत मोकळ्या हाताने जाऊ नका. तिथे वरचा हिशोब मांडा आणि प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत सामूहिक रजेत होते. ‘संप नको, सगळे एकाच दिवशी किरकोळ रजा टाकू’ असं कोणीतरी सुचवतंच. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी अशी रजा घेतली तर नव्या व्याख्येत तो संपच आहे, आणि नोटीस नसल्यामुळे बेकायदा. त्याला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याखेरीज दहा किंवा अधिक जण ठरवून, नोटीस न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर मालक गैरहजेरीच्या दिवसांपलीकडे आठ दिवसांपर्यंत पगार कापू शकतो.

नोटिशीवर कोणाच्या सह्या हव्यात, हे युनियनच्या नोंदणीवर ठरतं. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के असलेल्यांची मिळून परिषद बनते. सिस्टर इनचार्ज किंवा पर्यवेक्षक १८,००० हून जास्त घेत असतील तर ते ‘कामगार’ नाहीत असा आक्षेप येतो, म्हणून त्यांच्या कामाचं प्रत्यक्ष स्वरूप लिहून ठेवा. ठेक्यावरच्या लोकांनी नोटीस ठेकेदार आणि रुग्णालय दोघांनाही द्यायची. फक्त ठेकेदाराला दिली तर रुग्णालय ठेकाच रद्द करतं आणि सगळेच घरी बसतात.

सरकारी रुग्णालयाचं गणित वेगळं. तिथे वर्तणूक नियम संपाला आड येतात, आणि २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. त्यावर मेस्माची (अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालू देणारा राज्याचा कायदा) टांगती तलवार.

संपाच्या आदल्या आठवड्यात सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे चालू राहणाऱ्या सेवांची यादी, आणि ती युनियननेच करून व्यवस्थापनाला लेखी द्यावी. कॅज्युअल्टी, आयसीयू, नवजात अतिदक्षता, लेबर रूम आणि डायलिसिस सगळ्यांना आठवतात. विसरली जाते सीएसएसडी, म्हणजे शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, एक चक्र भरण्यापासून सुकण्यापर्यंत साधारण तासभर घेतं. तिथला माणूस बाहेर बसला की तयार सेट संपतात आणि तातडीचं सिझेरियनही अडतं. तसंच ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डवर (सिलिंडर जिथे वॉर्डकडे जाणाऱ्या नळ्यांना जोडतात) सिलिंडर बदलणारा आणि रक्तपेढीचा तंत्रज्ञ. पिवळ्या पिशवीतला रक्ताने माखलेला आणि शारीरिक भागांचा कचरा ४८ तासांपलीकडे साठवायला २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी बंदी आहे. सफाई कामगार संपावर असले तरी त्या फेरीसाठी दोन माणसं नेमावीच लागतात. प्रत्येक ठिकाणी पाळीप्रमाणे नाव, फोन आणि बदली माणूस लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ असं लिहू नका.

चालू पाळी अर्धवट सोडून कोणीही उठायचं नाही. काम थांबतं ते पुढच्या पाळीपासून. जाताना रुग्णनिहाय हँडओव्हर, गुंगीच्या औषधांच्या कपाटाची चावी, मोजून लिहिलेला साठा आणि क्रॅश कार्टची (तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची गाडी) तपासणी, हे सगळं सही घेऊन द्या. एका रुग्णाची आयव्ही लाइन बंद राहून काही झालं तर चर्चा पगारावरून निष्काळजीपणावर जाते, आणि मग मूळ मागणीकडे कोणी बघत नाही. रुग्णाचं नुकसान झालं तर ते भरून येत नाही, हे तर त्याहून मोठं.

पैशाशिवायच्या मागण्याही पहिल्या पानावर ठेवा. आठ तासांची पाळी, ओव्हरटाइम दुप्पट दराने, हिपॅटायटिस बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस, सुई टोचल्यावर लगेच, फार तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही-प्रतिबंधक औषध सुरू होईल अशी सोय रात्रीच्या पाळीलाही. यांना फार खर्च येत नाही, त्या सहज मान्य होतात, आणि आयांसाठी त्यांचं मोल हजार रुपयांहून जास्त आहे.

तडजोड झाली की ती समेट अधिकाऱ्यासमोरच सही करा. बाहेर केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो, समेटातला सगळ्या कामगारांना, पुढे लागणाऱ्यांनाही. करारात वाढ कोणत्या तारखेपासून, थकबाकी किती हप्त्यांत, संपाचे दिवस रजेत धरणार की बिनपगारी, कोणावरही कारवाई नाही, आणि ठेकेदार बदलला तरी हीच माणसं याच पगारावर राहतील, हे शब्दांत लिहून घ्या. संपाच्या दिवसांचा पगार कायद्याने मिळायला संप कायदेशीर आणि समर्थनीय दोन्ही ठरावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे. ते सिद्ध करण्यात वर्षं जातात, त्यापेक्षा करारातच ते दिवस अर्जित रजेत वळते करून घ्या.